दिल्याची वेळ

टॅब परत करायला ती स्वतः आली. शिपायाबरोबर पाठवला असता तरी चाललं असतं, पण जन्मभर नियम पाळलेल्या माणसांना एखादी सवलत घ्या म्हटलं तरी घेता येत नाही. जेवणाची सुट्टी नुकतीच संपली होती. डब्याचं झाकण टेबलावर तसंच पडलं होतं, आणि शेजारच्या सर्व्हरच्या खोलीतला गार वारा दाराखालच्या फटीतून नेहमीप्रमाणे माझ्या घोट्यांना लागत होता. वॉर्डात तिला सगळे खारूताई म्हणतात, कारण ती कधी चालत नाही, तुरुतुरु पळते. आज मात्र ती चालत आली. टॅब दोन्ही हातांनी टेबलावर ठेवला, चार्जरची वायर गुंडाळून त्याच्यावर ठेवली आणि म्हणाली, "सर, मिळाला म्हणून सही लागेल. नाहीतर उद्या म्हणतील, हाही मीच गायब केला." मी सही केली. नंबर जुळवायला टॅब उलटा केला तर त्याच्या पाठीवर पांढरी चिकटपट्टी लावलेली होती, सलाईनची सुई हलू नये म्हणून लावतात तसली, आणि तिच्यावर बॉलपेननं लिहिलं होतं: १९ ला चालत नाही. खिडकीशी धरा.

एवढंच. यात दचकण्यासारखं काही नव्हतं. तरी टॅब माझ्या हातून खाली ठेववेना. मी अंगठ्यानं पट्टीचं टोक उचकटून पाहिलं. ती पक्की बसली होती, कडा मळून काळ्या झाल्या होत्या. म्हणजे कालपरवाची नव्हती, निदान वर्षभर तरी तिथं होती. वर्षभर हा टॅब वॉर्डात फिरत होता, दर तीन महिन्यांनी तपासणीला माझ्या विभागात येत होता, आमची पोरं त्याची काच पुसून, बॅटरी बघून तो परत पाठवत होती, आणि कुणीही तो उलटा करून वाचला नव्हता. मीही नाही. मला तर वाचायची गरजच नव्हती. मला ते ठाऊक होतं.

मी या रुग्णालयाचा माहिती-तंत्रज्ञान प्रमुख. साध्या भाषेत, कागद काढून टाकणारा माणूस. सहा वर्षं मी दुसरं काही केलेलं नाही. केसपेपर काढले, औषधांच्या वह्या काढल्या, पलंगाच्या पायथ्याशी लटकणाऱ्या पुठ्ठ्याच्या पाट्या काढल्या, आणि प्रत्येक वेळी कुणी ना कुणी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याच्या आजोबांचा फोटो भिंतीवरून उतरवतोय. सुरुवातीला मी चिडायचो. मग समजावून सांगायला लागलो. मग समजावताना हसायला शिकलो. आता नुसता थकलोय. थकवा म्हणजे झोप येणं नव्हे. कुणी बोलायला लागलं की त्याचं वाक्य कुठे जाऊन पडणार हे आधीच कळतं आणि तरी शेवटपर्यंत ऐकून घ्यावं लागतं, त्याला मी थकवा म्हणतो. त्यातून आमच्या या कामात एक गंमत आहे. सगळं चालू असलं तर आमची कुणाला आठवण नसते, आणि काही बंद पडलं की घोडं आम्हीच मारलेलं असतं. या वेळी मात्र काहीच बंद पडलं नव्हतं. सगळं नीट चाललं होतं, आणि त्यामुळेच खारूताईची नोकरी जाणार होती.

झालं होतं ते असं. तीन आठवड्यांपूर्वी, चौदा तारखेला, मंगळवारी, बेड एकोणीसवर एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांचं बुटांचं दुकान होतं म्हणे, आणि ते येणाऱ्याजाणाऱ्याच्या तोंडाकडे न बघता पायांकडे बघायचे. त्यांच्या रक्तात जंतू पसरले होते. दुपारी तीनला अँटिबायोटिकचं इंजेक्शन द्यायचं होतं. चार वाजून दहा मिनिटांनी त्यांची तब्येत एकाएकी बिघडली, धावपळ झाली, साडेचारला त्यांना अतिदक्षता विभागात हलवलं, आणि शुक्रवारी ते गेले. त्यांच्या मुलीनं तक्रार केली. तिचा राग खरा होता. बाप गेल्यावर माणूस कागद मागतो, कारण मागण्यासारखं दुसरं काही उरलेलं नसतं. कागद काढला. कागद म्हणजे आमच्या सिस्टिमची नोंद. तीत लिहिलं होतं: इंजेक्शन दिल्याची वेळ, सायंकाळी पाच वाजून चाळीस मिनिटं. म्हणजे रुग्ण बेडवर नसताना, वरच्या मजल्यावर नळ्यांत गुंतलेला असताना, खारूताईनं खालच्या रिकाम्या बेडला इंजेक्शन दिलं होतं. एवढंच नाही, तर पाच चाळीस ते पाच सेहेचाळीस या सहा मिनिटांत तिनं अकरा जणांना इंजेक्शनं दिली होती. चौकशी समितीतला एक जण म्हणाला, ही बाई आहे की यंत्र. निष्कर्ष सरळ होता: तिनं इंजेक्शन दिलंच नाही, आणि नंतर अंगाशी आल्यावर दिल्याचं दाखवलं. नोकरी जाणारच, पण परिचारिका म्हणून जी नोंदणी असते तीही जाईल, म्हणजे दुसरीकडेही दार बंद. वीस वर्षं झाली होती तिला.

ती समोर उभीच होती. मी बसा म्हटलं तर म्हणाली, "नको सर. बसले की रडू येतं."

"सिस्टर, त्या दिवशी नक्की—"

"तीन वाजून पाच मिनिटांनी दिलं, सर." ती इतक्या सपाट आवाजात म्हणाली की मला तिच्याकडे बघवेना. "किती जणांना सांगू? सांगून सांगून आता मलाच ते खोटं वाटायला लागलंय. कोपऱ्यात तुमचा टॅब चालत नाही. हातात सिरिंज घेऊन खिडकीशी जाऊन उभी राहू का? पट्टीवर लिहिते, बसायला मिळालं की टॅबवर चढवते. सगळ्याच करतात. त्या दिवशी बसायला मिळालं पाच चाळीसला."

"आणि ती पट्टी?"

 माझ्या टेबलावरच्या डब्याच्या झाकणाकडे बघत म्हणाली, "होती ना, कपाटाच्या दाराला लावली होती. पण ते दार मग स्वच्छ झालं." कुणी स्वच्छ केलं हे ती बोलली नाही. तिला ते माहीत होतं, मला माहीत होतं, आणि तरी तिनं माझं नाव वाक्यातून वगळलं, जेवायला बसलेल्या माणसासमोर आपण घाणीचा विषय काढत नाही तसं. मग ती गेली, आणि जाताना दार हळू लावलं.

वॉर्डातल्या चादरींच्या कपाटाचं दार उघडलं की आतून पट्ट्या दिसायच्या. ही प्रथा माझ्या आधीची, बहुधा त्या इमारतीइतकीच जुनी. नर्स कामावर आली की हातभर चिकटपट्टी फाडून गणवेशाच्या मांडीवर लावते आणि दिवसभर तिच्यावर लिहीत राहते. पाळी संपली की पट्टी उपटून कपाटाच्या दाराला आतून चिकटवते, म्हणजे पुढच्या पाळीला काय झालं, काय राहिलं ते दिसतं. एकीवर दुसरी, दुसरीवर तिसरी. दाराची जाडी बोटभर वाढली होती. मी ते पाहिलं सोळा तारखेला, गुरुवारी. दुसऱ्या दिवशी बाहेरची तपासणी समिती येणार होती आणि मी सगळ्या वॉर्डांतून फिरत होतो, कुठे कागद राहिलाय का बघत. चादरी नीट रचल्यात का म्हणून ते कपाट उघडलं आणि माझं डोकंच फिरलं. सहा वर्षांचं काम एका बाजूला आणि हे दार एका बाजूला. वॉर्डाच्या मोठ्या सिस्टरना मी विचारलं, "हे काय आहे?" त्या म्हणाल्या, "ते आमचं आहे, सर." मी म्हटलं, "उद्या सकाळपर्यंत हे दार कोरं पाहिजे." त्यांनी वाद घातला नाही. दोन मावश्यांनी स्पिरिट लावून, चाकूनं खरवडून ते दार कोरं केलं. म्हणजे मंगळवारची पट्टी गुरुवारी दुपारी माझ्या नाकासमोर, हातभर अंतरावर होती. मी तिच्याकडे बघितलंही असेल. आता डोळे मिटले की मला दिसतं: गोलात एकोणीस, पुढे तीन पाच. पण हे मी तेव्हा बघितलं, की आज खारूताईच्या तोंडून ऐकल्यावर माझं मन ते रंगवतंय? मी जन्मभर लोकांना सांगत आलो की माणसाच्या आठवणीवर विसंबू नका, ती सोयीप्रमाणे बदलते. आता माझ्याच आठवणीला मी साक्षीला बोलावत होतो आणि ती आढेवेढे घेत होती.

चार वाजता अधीक्षक मॅडमनी वर बोलावलं. त्यांच्या खोलीत खुर्च्या इतक्या मऊ आहेत की त्यांत बसून कुणाला नाही म्हणणं अवघड जातं. त्यांनी एक छापील पान माझ्यापुढे सरकवलं. सदर नोंदीतील वेळ यंत्राने आपोआप घेतलेली असून तीत कोणताही फेरफार शक्य नाही. इंजेक्शन दिल्याची वेळ ५.४० हीच ग्राह्य धरावी. खाली माझं पद आणि सहीसाठी ठिपक्यांची ओळ.

"उद्या अकराला चौकशी समिती बसतेय," त्या म्हणाल्या. "तुम्ही एवढं दिलंत की विषय संपला. यंत्र चुकलेलं नाही, बरोबर ना?"

"यंत्र चुकलेलं नाही, मॅडम."

"मग झालं तर." त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. त्याही थकलेल्याच होत्या, हे मी मुद्दाम सांगतो, कारण त्या वाईट बाई नव्हेत. "अहो, मला काय आनंद होतोय का? पण एक लक्षात घ्या. पुढच्या महिन्यात आपली सिस्टिम आणखी चार रुग्णालयांत जातेय. पाचांचे प्रमुख तुम्ही. अशा वेळी नोंदीवरच शंका आली तर मग कुठलीच नोंद खरी नाही. आज एकोणीस नंबर, उद्या सगळेच. कुठे थांबणार?"

बोलणं बरोबर होतं. मीच त्यांना शिकवलेलं होतं. मी म्हटलं, "उद्या सकाळी सही करून आणतो," आणि पान घडी न करता फायलीत ठेवलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते असं होतं तर. मला वाटायचं त्यात निदान आरडाओरड तरी होत असेल. इथे चहा होता, पंखा होता, आणि सगळे एकमेकांशी नीट बोलत होते.

जिना उतरताना मी मनाशी हिशेब जुळवायला लागलो की मला काय काय माहीत होतं. सिस्टिम बसवताना एक चौकट होती, नर्सनं स्वतः वेळ भरायची. ती मी काढून टाकली. कारण सगळ्या जणी दोन, तीन, चार असे गोल आकडे भरायच्या, आणि साठ खाटांच्या वॉर्डात सगळ्यांना बरोबर तीन वाजता औषध मिळणं म्हणजे थापच. मी ठरवलं, माणसानं वेळ सांगायचीच नाही. बटण दाबलं की यंत्र स्वतःच्या घड्याळातली वेळ घेईल. पण पडद्यावरच्या शब्दांत बदल करायचा राहिला. तिथे 'दिल्याची वेळ' असंच राहिलं. कोपऱ्याचंही मला माहीत होतं. एकोणीस ते बावीस या खाटा लिफ्टच्या भिंतीमागे आहेत, तिथे सिग्नल पोचत नाही. वॉर्डानं रीतसर तक्रार नोंदवली होती. तिचं काय झालं तर, तपासणी समिती प्रलंबित तक्रारींची संख्या विचारते म्हणून, एका दुपारी मी स्वतः बसून त्रेसष्ट तक्रारींपुढे 'सोडवली' असं लिहिलं. म्हटलं, तपासणी झाली की एकेक करून खरंच सोडवू. ती तपासणी झाली, मग पुढची आली. सहा मिनिटांत अकरा इंजेक्शनं पाहून चौकशी समितीला धक्का बसला, पण मी त्रेसष्ट तक्रारी चाळीस मिनिटांत सोडवल्या होत्या आणि त्याबद्दल मला कुणी काही विचारलं नव्हतं.

आणि आई. जिन्याच्या वळणावर एकदम आई आठवली. माझी आई नर्स होती. हे वाक्य मी इतक्या सभांत म्हटलंय की ते आता मला माझं वाटत नाही. प्रत्येक सादरीकरणाची सुरुवात हीच: पडद्यावर आईचा तरुणपणीचा पांढऱ्या गणवेशातला फोटो, आणि मी म्हणतो, माझी आई नर्स होती, तिच्या हातातली वही मला काढून घ्यायची होती, म्हणजे त्या हातांना रुग्णाजवळ थांबायला वेळ मिळेल. लोक टाळ्या वाजवतात. दोन वर्षांपूर्वी सिस्टिमचं उद्घाटन झालं तेव्हा पहिलं बटण तिच्याच हातून दाबून घेतलं. ती नवी चप्पल घालून आली होती, ती तिला चावत होती. व्यासपीठावर टॅब हातात घेऊन तिनं चष्मा वर केला, खाली केला, बोटानं पडद्यावर काहीतरी शोधलं आणि माईक चालू आहे याची कल्पना नसल्यानं मोठ्यानं मला विचारलं, "अरे, आणि खरं दिलं कधी ते कुठे लिहायचं?" सगळं सभागृह हसलं. मीही हसलो. म्हटलं, "आई, ते लिहायचं नसतं आता, ते आपोआप पडतं." ती म्हणाली, "असं होय," आणि बटण दाबलं. टाळ्या झाल्या. त्या हशात एका क्षणापुरतं मला लख्ख कळलं होतं की ती म्हणतेय ते बरोबर आहे. क्षणभरच. मग पुष्पगुच्छ आले. दोन वर्षं मी तो क्षण कुठेतरी खाली दाबून ठेवला होता आणि आज तो जिन्याच्या वळणावर उभा होता.

घरी पोचलो तेव्हा उजेड होता. आई खिडकीशी खुर्चीत, पाय स्टुलावर ठेवून बसली होती. तिचे गुडघे चाळीस वर्षांच्या वॉर्डांनी खाल्ले. बायको बहिणीकडे गेली होती, त्यामुळे घरात दोघंच. चहा मी केला. तिला अर्धा कप लागतो, वर म्हणते भरून आण, आणि मग अर्धा ठेवते. मला लहानपणची संध्याकाळ आठवत होती. ती कामावरून यायची तेव्हा तिच्या गणवेशाच्या मांडीवर अशीच पट्टी असायची, घाईत दाराला लावायची राहून गेलेली. ती सोलून काढायचा मान माझा. मी नखानं टोक उचकटायचो आणि ती म्हणायची, "थांब रे, आधी वाचू दे." मग बशीतला चहा फुंकत ती स्वतःच्या मांडीकडे बघत पुटपुटायची. एकदा तशीच वाचता वाचता थांबली, चहा ठेवला, आणि घरातल्या स्लिपर घालून परत रुग्णालयात पळाली. मी हातात पट्टी घेऊन दारात उभा. तासाभरानं आली, थंड चहा प्यायली. काय झालं होतं हे मी कधी विचारलं नाही. पोरं आईचं काम म्हणजे हवामान समजतात, आलं की आलं, गेलं की गेलं.

आणि तेव्हा, हातात चहाचा कप असताना, मला फोटो आठवला. मी त्या दाराचा फोटो काढला होता! खरवडण्याआधी. 'पूर्वी आणि आता' या पानासाठी. शुक्रवारी तपासणी समितीसमोर तो भिंतीएवढा करून दाखवलाही होता: डावीकडे पट्ट्यांनी लडबडलेलं दार, उजवीकडे कोरं दार. अधीक्षक मॅडम हसल्या होत्या, समिती हसली होती, मी म्हणालो होतो की हे आमचं पुराणवस्तू संग्रहालय. खारूताईचा पुरावा मी तीस माणसांना दाखवला होता, विनोद म्हणून.

मी फोनवर तो फोटो उघडला, मोठा केला. आकडेच आकडे. गोल, तिरक्या रेषा, अक्षरांची टोकं. एकोणीस मला तीन ठिकाणी सापडला, तीन पाच दोन ठिकाणी, पण कुठलं द्यायचं, कुठलं दिलं, कुठल्या दिवशीचं, काही लागेना. सगळी सिस्टिम मी बांधली आणि नर्सनं लिहिलेली एक ओळ मला वाचता येईना. मी फोन आईपुढे धरला. म्हटलं, "हे जरा वाच ना."

"चष्मा दे." तिनं फोन लांब धरला, जवळ धरला. तिच्या चेहऱ्यावर असं काही आलं जे मी व्यासपीठावर कधी पाहिलं नव्हतं. "अग बाई, पट्ट्या! अजून लावतात?" आणि वर्तमानपत्र वाचावं तशी ती वाचायला लागली. "ही वरच्या ताज्यांतली एक, हिच्या कडा अजून मळल्या नाहीत. चौदा तारीख, दुपारपाळी. अक्षर घाईचं आहे पण मन लावून लिहिलंय. हे बघ, गोलात बेड. मग द्यायची वेळ. मग दिलं की दिल्याची वेळ आणि खाली रेघ. रेघ नसेल तर कुणी काहीही म्हणो, दिलेलं नाही. सतरा, तीन, रेघ. अठरा, तीन दोन, रेघ. एकोणीस, तीन पाच, रेघ."

"एकोणीसला रेघ आहे? नक्की?"

"आहे म्हणजे? आंधळी आहे का मी? चांगली दाबून ओढलीय." ती पुढे वाचत राहिली आणि मग थांबली. फोन आणखी जवळ घेतला. "इथपर्यंत नीट आहे. बाविसाचं मात्र अर्धंच लिहिलंय. चार वाजेचं लिहायला घेतलं आणि पेन तिथेच थांबलंय, पुढे काहीच नाही. काय झालं रे हिला चारला? कुणी दगावलं का?"

 त्या बाईच्या दुपारबद्दल आमच्या सर्व्हरमध्ये अकरा नोंदी होत्या, त्यांतली एकही खरी नव्हती. आणि एका चिकटपट्टीवरून माझ्या आईनं, सत्त्याहत्तर वर्षांच्या, गुडघे गेलेल्या बाईनं, ती धावपळ घरी बसून पाहिली होती. मला लाज वाटली. सरळ, साधी लाज, कान गरम होतात तसली.

"आई, तू एकदा चहा टाकून परत गेली होतीस. स्लिपर घालून."

"एकदा? कितीदा तरी. रेघ ओढायची राहिलेली दिसली की जायचं. दिलेलं असायचं बहुतेक. पण बहुतेकवर झोप येत नाही ना." तिनं फोन परत दिला. "हिला नीट सांभाळा रे. बरी बाई दिसतेय."

मग मी तिला विचारलं. का विचारलं कुणास ठाऊक. बहुधा कुणीतरी मला पकडावं असं वाटत होतं. "उद्घाटनाच्या दिवशी तू मला काय विचारलं होतंस, आठवतंय?"

"मी?" ती हसली. "मी कसली विचारतेय. मला तर ते बटण सापडत नव्हतं, आणि चप्पल चावत होती."

तिला आठवत नव्हतं. सभागृहातल्या कुणालाही आठवत नसणार. हसलेली गोष्ट कोण लक्षात ठेवतं? ध्वनिफीत होती, पण कार्यक्रमाचं चित्रण संपादित करताना तो भाग मीच कापायला सांगितला होता. म्हणजे मला कधी कळलं याची नोंद आता जगात कुठेच नव्हती. फोटो मी कसाही देऊ शकलो असतो. 'आजच लक्षात आलं' असं म्हणून, थोडा खेद व्यक्त करून. खारूताई वाचली असती, मी वाचलो असतो, चार रुग्णालयंही मिळाली असती, आणि मॅडमनी माझी पाठ थोपटली असती की वेळेवर शोधलंत. साप मेला असता आणि काठीही तुटली नसती. मी हे सगळं आईचा उरलेला अर्धा कप विसळताना ठरवलं, आणि मला गाढ झोप लागली. सकाळी उठलो तेव्हा ठरलेलं सगळं जागच्या जागी होतं, फक्त तोंडाला कडू चव होती.

समितीच्या खोलीबाहेर एक लांब बाक आहे. त्यावर खारूताई बसली होती. आज बसली होती. गणवेशात नव्हती, साध्या कपड्यांत होती, त्यामुळे मी आधी ओळखलंच नाही. तिचा उजवा हात मांडीवर होता आणि अंगठा एकाच जागी, गुडघ्याच्या वर, वितभर पट्ट्यात मागेपुढे फिरत होता. तिथे काहीच नव्हतं. तिला कळतही नसावं की ती काय करतेय. मला आईचा थंड चहा आठवला. बहुतेकवर झोप येत नाही ना. मला मात्र आली होती.

आत सहा जण होते. मॅडमनी हात पुढे केला. "आणलंत ना?"

"आणलंय, मॅडम." मी फोटोचा मोठा छापील कागद टेबलावर ठेवला, आणि शेजारी आईनं वाचलं तसं ओळीनं उतरवलेलं. मग सांगितलं: ही वेळ इंजेक्शन दिल्याची नाही, बटण दाबल्याची आहे. कोपऱ्यात सिग्नल नाही. तक्रार आली होती, ती न सोडवता 'सोडवली' असं मी लिहिलं. दार मी खरवडून घेतलं. वाक्यं लहान होती, म्हणून बोलता आली.  एका सदस्यानं फोटो स्वतःकडे ओढून घेतला आणि तो एकोणीस शोधायला लागला.

मॅडम माझ्याकडे वाकल्या. मग अगदी हळू, फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "हे तुमच्या कालच लक्षात आलं, असं लिहूया. एवढं तरी करू द्या मला."

त्या मनापासून म्हणत होत्या. मला त्यांचा राग आला नाही, उलट हो म्हणावंसं इतकं वाटलं की क्षणभर मी टेबलाची कड धरली. मग ते छापील पान मी फायलीतून काढलं. ठिपक्यांच्या ओळीवर सही केली नाही. पान उलटं केलं. मागची बाजू कोरी होती. कित्येक वर्षांत मी कामाच्या ठिकाणी हातानं काही लिहिलं नव्हतं. अक्षर पोरासारखं आलं, वाकडं, मोठं.

मला हे कळल्याची वेळ: दोन वर्षांपूर्वी, उद्घाटनाच्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमारास.

नोंदवल्याची वेळ: आज, अकरा वाजून वीस मिनिटं.

सही केली. आणि पेन ठेवण्याआधी, खाली, दाबून, एक रेघ ओढली.